तळवा

"ती काच तुमची आहे का?" दादाने फोनवर एवढंच विचारलं. कशी आहेस नाही, कुठे आहेस नाही. ती मीटिंगमधून उठून बाहेरच्या पॅसेजमध्ये आली होती आणि दुसरा कान हाताने दाबून उभी होती, कारण आत साहेबांचा आवाज चढला होता. "कुठली काच?" तिने विचारलं. विचारतानाच तिला उत्तर ठाऊक होतं. वेळ काढायचा असला की माणूस असले प्रश्न विचारतो. "बाबांच्या पलंगाला लावलेली. सिस्टरला बोलवायची. खालच्या कोपऱ्यात तुमच्या कंपनीचं चिन्ह आहे," दादा म्हणाला. "सकाळपासून बाबा तिच्यावर हात मारत होते. कुणी आलं नाही. शेवटी आपलं आपण उठायला गेले आणि पडले. कपाळाला टाके घातलेत. आणि..." इथे तो जरा थांबला. "अंथरूण ओलं झालं होतं. पार. सापडले तेव्हा अर्धे त्यात, अर्धे खाली लोंबकळत होते." मग तिच्या तोंडून जे निघालं, ते आपण का विचारतोय हे तिचं तिलाही कळलं नाही. "हात कसा मारत होते? बोटाने, की अख्ख्या हाताने?" पलीकडे एक लांब श्वास ऐकू आला. "तू येतेस का इथे," दादा म्हणाला, "की हाताचा फोटो काढून पाठवू?"

पर्स घ्यायला ती आत गेली तेव्हा साहेब पुढच्या काचेबद्दल बोलत होते. साहेब तिच्याहून वयाने बरेच लहान होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर कशाचाच डाग रहायचा नाही. रागावले तरी पुसून टाकल्यासारखा राग जायचा. पुढच्या काचेला म्हणे हात लावावाच लागणार नव्हता. हात वीतभर अलीकडे आला की काच ओळखणार, तो कुणाचा आहे, कुठे चाललाय, कशासाठी. "माणसाला काय हवंय ते माणसाच्या आधी काचेला कळेल," साहेब म्हणाले, आणि टेबलाभोवतीच्या पोरांनी माना डोलावल्या. सकाळी हेच वाक्य तिने स्वतः दुरुस्त करून दिलं होतं, त्यातलं एक 'च' काढून टाकलं होतं. आता ते ऐकत ती खुर्चीमागची पर्स काढू लागली. "आणि हवेतला तळवा कसा टाळायचा," साहेब तिच्याकडे वळले, "ते अर्थातच आपल्या तळवेवाल्या मॅडम बघतील." सगळे हसले. हे नाव जुनं होतं आणि ती आजवर त्यावर हसत आली होती. "माझे वडील पडलेत," ती म्हणाली. सगळ्यांचे चेहरे एकदम योग्य तसे झाले. काही हवं असेल तर सांगा, असं कुणीतरी म्हणालं. तिला वाटलं, काच उचलून या सगळ्यांच्या डोक्यात घालावी. तिने फक्त खुर्ची आत सरकवली.

टॅक्सीत बसल्यावर ड्रायव्हरने समोरच्या पडद्यावर दोन बोटं फाकवून नकाशा मोठा केला आणि ती त्या दोन बोटांकडे बघत राहिली. इतकी सहज, जणू जन्मापासून माणसाला हे येतच होतं. ती या धंद्यात आली तेव्हा काचेला एकच बोट कळायचं. दुसरं टेकलं की ती गोंधळायची, दोहोंच्या मधोमध कुठेतरी ठिपका दाखवायची. प्रयोगशाळेत जेवणाच्या टेबलाएवढी काच होती, तिच्या पोटात कॅमेरे आणि दिवे, आणि वर हात ठेवले की खालून त्यांच्या सावल्या दिसायच्या, पाण्याखालून बघितल्यासारख्या. हळूहळू दोन बोटं कळायला लागली, मग पाच, मग दहा. कॅमेरे गेले, काच पातळ झाली, तिच्यात केसाहून बारीक तारांची जाळी आली, आणि कातडी जवळ आल्याची खबर त्या तारा देऊ लागल्या. चिमटीत धरून लहान करा, बोटाने भिरकावून द्या, दोन बोटांनी फिरवा. नवीन हाताला नवीन भाषा शिकवल्यासारखे ते दिवस होते. अडचण एकच होती. माणसं बोट टेकवायची, लिहायची, आणि लिहिता लिहिता अख्खा तळवा काचेवर विसावायचा. काच चवताळायची. पानं आपोआप उलटायची, फोन लागायचे. तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, तळवा ओळखायचा आणि सोडून द्यायचा, एवढं काम तुझं. बाकीच्यांना ते काम हलकं वाटलं. तिने ते असं उचललं की सुट्टीच्या दिवशीही ती त्या जाळीसमोर बसलेली असायची. शेकडो माणसांना बोलावून तिने त्यांचे तळवे काचेवर टेकवून घेतले. जाड, रोड, घामट, कोरडे. पडद्यावर सगळ्यांचे सारखेच करडे डाग उमटायचे, ढगांसारखे, आणि ती एकेका डागाचा काठ मापत बसायची. मोठे साहेब निवृत्त झाले त्या दिवशी कौतुकाने म्हणाले होते, "तळव्याच्या मागे इतकं हात धुऊन लागलेलं दुसरं माणूस मी पाहिलं नाही." लोक हसले होते. तिने नियम शेवटी इतका साधा करून आणला होता की तो एका श्वासात सांगता यायचा: जे रुंद आहे, पसरट आहे आणि एकदम टेकलं आहे, ते चुकून लागलेलं समजायचं. तळव्याला हेतू नसतो. हे वाक्य ती एका मोठ्या सभेत म्हणाली होती, आणि म्हणताना तिच्या डाव्या कानात बारीक शिटी वाजली होती.

ती शिटी तिच्या ओळखीची होती. बाबा सुतार होते. घराची पुढची खोली हाच त्यांचा कारखाना. भुश्याचा वास जेवणालाही यायचा, अंथरुणालाही. रंधा मारून झाला की बाबा डोळे मिटायचे आणि फळीवरून उजवा तळवा फिरवायचे, अगदी सावकाश, ताप आलेल्या पोराच्या अंगावरून फिरवावा तसा. डोळ्यांना न दिसणारा उंचवटा त्या तळव्याला सापडायचा. तिला, दादाला, आईला त्या घरात एकच वाक्य सगळ्यात जास्त ऐकू यायचं: हात लावू नकोस. दादाला पुढे सूट मिळाली, तो हाताखाली काम करू लागला. तिला कधीच मिळाली नाही. एकदा गिऱ्हाईक न्यायला येणार म्हणून एक गोल टेबल लाखेचं पॉलिश करून वाळत ठेवलं होतं. त्यात खिडकी दिसत होती, खिडकीबाहेरचं झाड दिसत होतं. झाड इतकं खरं होतं की तिने त्यावर हात ठेवला. अख्खा. उचलला तेव्हा टेबलावर तिच्या हाताच्या सगळ्या रेषा होत्या. बाबांनी कुणी केलं म्हणून विचारलंसुद्धा नाही. तिला आधी डाव्या कानात ती शिटी ऐकू आली, मग भिंत दिसली, मग गाल आहे असं कळलं. आई स्वयंपाकघरात थंड वाटी गालाला लावून धरत होती आणि कुजबुजत होती, "कशाला गेलीस तिकडे, कशाला गेलीस." दुसऱ्या दिवशी शाळेत बाकावरच्या मुलीने तिच्या गालावरची बोटं मोजली आणि पाचवं कुठाय म्हणून शोधलं. पण तिच्या मनात जे बसलं ते मार नव्हतंच. मार काय, त्याच्याआधीही मिळाला होता, नंतरही मिळत राहिला. दुपारभर बाबा ते टेबल घासत बसले, पुन्हा पॉलिश चढवत बसले, त्यावरून तळवा फिरवत बसले. किती जपून! दाराआडून ती बघत होती. त्या दिवसापासून तोंडाने ती त्यांना अहो-जाहो करत आली होती. मनात नाही. मनात तो फक्त 'तो' होता.

बाबांना ठेवलं होतं त्या सेंटरच्या दारात दादा उभा होता, हातात ओल्या कपड्यांची पिशवी. त्याने ती तिच्याकडे दिली नाही, पण ती दिसेल अशी धरली. "बघ जाऊन," तो म्हणाला. वरच्या मजल्यावर सिस्टर भेटल्या, चाळिशीच्या, भरभर चालणाऱ्या, ज्यांना दिवसभर कुणी ना कुणी जाब विचारत असतं अशा. "मी तुमच्या भावाला सांगितलंय," त्यांनी आधीच सुरुवात केली. "आमच्याकडे काहीच वाजलं नाही. वाजलं असतं तर आलोच असतो ना? त्यांना हजारदा दाखवलंय, एका बोटाने अलगद टेकवायचं. ते अख्ख्या हाताने थापटतात. थापटलं की ती काच घेत नाही." "घेणार नाहीच," ती म्हणाली. दादाने तिच्याकडे बघितलं. "म्हणजे?" "अख्खा हात लागला तर तो चुकून लागला, असं धरतात. पांघरूण पडतं, कोपर लागतं. उगाच घंटा वाजत राहील." "कोण धरतं?" दादाच्या कपाळावरची शीर वर आली. बाबांची यायची तशीच. "म्हातारा माणूस आहे तो," तो म्हणाला. "अर्धं अंग गेलंय. वाचा गेलीय. त्याने मदतीला हाक मारायची ती एका बोटाने, अलगद?" "मला मारायचे तेव्हा म्हातारे नव्हते," ती म्हणाली. तिला हे इथे, सिस्टरसमोर बोलायचं नव्हतं. सिस्टरनी लगेच शेजारच्या ट्रॉलीवरची बाटली सरळ केली. दादा खालच्या आवाजात म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध?" "काही नाही," ती म्हणाली. "तूच म्हणालास, काच आमची आहे का. आहे. माझीच आहे." दादा पिशवी घेऊन जिन्याकडे चालू लागला. चार पायऱ्या उतरून वळला. "तुला बरं वाटत असेल," तो म्हणाला, आणि गेला. तिला त्याच्या मागे धावून जावंसं वाटलं, कारण तो चुकीचं बोलला नव्हता. फोनवर त्याने 'हात मारत होते' म्हटलं तेव्हा तिच्या पोटात काहीतरी गरम, गोड असं हललं होतं, क्षणभर. मग तिला स्वतःची शिसारी आली होती, पण ती मागाहून.

बाबा उशीला टेकून बसवलेले होते. कपाळाला पट्टी, त्याखालचा डोळा सुजून निळा झालेला. उजवा हात दुसऱ्याच कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा उशीवर ठेवला होता. त्यांनी तिला ओळखलं. ओळख पटल्यावर त्यांची नजर लगेच बाजूला गेली. ती दोन महिन्यांनी येत होती. पलंगाच्या डाव्या अंगाला आडव्या दांड्यावर ती काच होती, वहीएवढी, चकचकीत, मधोमध पांढरी घंटा. तिच्या गेल्या भेटीनंतर बसवलेली ही काच तिने आजवर फक्त कंपनीच्या कारखान्यात पाहिली होती. इथे तिच्यावर हातांचे तेलकट ठसे होते, एकावर एक, दिवसभराचे. तिने चारही कोपऱ्यांवर एकेक बोट धरून ठेवलं, तसं तंत्रज्ञांसाठीचं पान उघडलं. यात काचेला जे जे लागतं ते सगळं दिसतं. घेतलेलं पांढरं, सोडून दिलेलं करडं. तिने बाबांचा डावा हात उचलला. तो जड होता, कोरडा होता. केव्हा धरला होता शेवटचा? धरला होता का कधी? तिने तो काचेवर ठेवला. करडा ढग उमटला, सगळ्या काठांसकट, तिच्या शेकडो ढगांसारखाच. "बघा," ती म्हणाली. "असा नाही चालत. एक बोट. हे." तिने त्यांची तर्जनी बाजूला काढली आणि बाकीची मुडपून धरली. सोडल्याबरोबर ती परत पसरली. "पुन्हा," ती म्हणाली. बाबांनी जोर केला. मानेच्या दोऱ्या ताणल्या. पाचही बोटं एकदमच गेली. करडं. "पुन्हा." करडं. "एक बोट, बाबा. सोपं आहे. लहान पोरं करतात." त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली. "पुन्हा." हा शब्द आपण कुणाच्या सुरात म्हणतोय हे तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही ती थांबली नाही. 'पुन्हा? पुन्हा लावशील हात?' प्रत्येक माराच्या शेवटी हा प्रश्न असायचा आणि त्याला उत्तर द्यावंच लागायचं. "पुन्हा," ती म्हणाली.

तेव्हा बाबांनी हात उचलला आणि काचेवर मारला. होता नव्हता तेवढा जोर लावून. पलंगाचा दांडा थरथरला. करडं. परत मारला. त्यांचा चेहरा लाल झाला होता, निळ्या डोळ्यात पाणी आलं होतं, घशातून लाकूड फाटल्यासारखा आवाज येत होता. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, पडद्याकडे बघत होती. करडं, करडं, करडं. एवढा राग, आणि आपला नियम शांतपणे सांगतोय, चुकून लागलं. तिला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. तिची नजर पडद्यावरून त्या हाताकडे गेली आणि तिथेच अडकली. हा डावा हात होता. मारायचा तो उजवा. तो तर उशीवर पडला होता, माशी बसली तरी हलणार नव्हता. या डाव्या हाताने तिला कधीच काही केलेलं नव्हतं. हा फळी धरून ठेवायचा, खिळा उभा धरायचा, चुकलेल्या हातोडीचे घाव खायचा. अंगठ्याचं नख त्यातच गेलं होतं, ते परत नीट उगवलं नव्हतं. इतकी वर्षं आपण ज्याच्यावर डूख धरून होतो तो हात परस्पर मरून गेला, आणि हिशेब चुकता करतोय तो दुसऱ्याच हाताशी. तिला विलक्षण संताप आला. बाबांचा नव्हे, नेमका कुणाचा तेही सांगता आलं नसतं. फसवलं गेल्यासारखा. बाजारात ज्याला गाठायला जावं तो दुकान बंद करून गेलेला असावा तसा.

तिने त्या पानावर खाली जाऊन तळवा किती घ्यायचा ते ठरवणारी पट्टी शोधली. तिला कुलूप होतं. गिऱ्हाइकांनी हात लावू नये म्हणून ते तिनेच घातलं होतं, आणि त्याचे आकडे तिला पाठ होते. पट्टी डावीकडे टोकाला होती. तिने ती उजवीकडे नेली, पार शेवटपर्यंत, जिथे कुठलीच काच कधी ठेवत नाहीत. पान बंद केलं. पांढरी घंटा परत आली. "आता मारा," ती म्हणाली. बाबा हललेच नाहीत. हात मांडीवर घेऊन बसले होते, दम लागला होता. "मारा ना. आता घेईल." त्यांनी मान भिंतीकडे वळवली. ती थोडा वेळ उभी राहिली, मग खोलीबाहेर आली. दोन खोल्या ओलांडल्या असतील नसतील तेवढ्यात मागे घंटा वाजली. सिस्टर लगबगीने आत गेल्या. "काय हवंय, आजोबा?" काही नको होतं. सिस्टर बाहेर आल्या तोच परत वाजली. परत गेल्या. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा दादा जिन्यावरून वर येत होता. "वाजतीय!" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका उजळला की तिला बघवेना. तिने मान खाली घालून पर्समध्ये उगाच काहीतरी शोधलं.

त्या आठवड्यात काच सतत वाजत राहिली. पांघरुणाची घडी पडली की वाजायची, झोपेत हात लोळला की वाजायची, फरशी पुसणाऱ्या बाईचं कोपर लागलं की वाजायची. सेंटरकडून तक्रार आली आणि साहेबांनी तिला आत बोलावलं. "मॅडम, तुम्ही गिऱ्हाइकाच्या मशीनला परस्पर हात लावलात," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "मी समजू शकतो. वडील आहेत. पण ते पूर्वीसारखं करून घ्यावं लागेल." "नाही करणार," ती म्हणाली. "उलट बाकीच्याही पलंगांवरच्या काचांचा नियम काढायला हवा. तिथे येणारी निम्मी माणसं अशीच आहेत. एक बोट वेगळं काढता येत असतं तर ती तिथे आलीच नसती." "तो नियम तुमचा आहे," साहेब म्हणाले. "पंधरा वर्षं आपण तो विकतोय." "म्हणूनच सांगतेय. तो धडधाकट हातांवर बसवलाय. आजारी तळवा मी एकही घेतला नव्हता. आला असता तरी मी तो सोडूनच दिला असता." साहेब तिच्याकडे बघत राहिले. त्यांना तिच्या बोलण्यातला राग दिसत होता पण त्याचं टोक कुणाकडे आहे ते लागत नव्हतं. "पुढच्या काचेत हा प्रश्नच राहणार नाही," ते समजुतीने म्हणाले. "ती हेतू ओळखेल." "कुणाचा?" तिने विचारलं. "तुमचा? माझा? माझा हेतू मला ओळखता येत नाही, साहेब, ती काय डोंबल ओळखणार?" ती इतकी मोठ्याने बोलली की काचेच्या भिंतीपलीकडे बसलेल्यांनी वर बघितलं. मग साहेबांनी सुचवलं की तिने काही दिवस रजा घ्यावी. हवेतल्या तळव्याचं काम तोवर दुसऱ्या कुणाकडे देता येईल. तिने आपल्या टेबलावरचा रबरी हात, ज्याच्यावर ती काचा तपासायची, खणात टाकला आणि खण लाथेने बंद केला.

रजेच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी दादाचा फोन आला. या वेळी त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा वाईट असं काहीतरी होतं. "वाजतीय," तो म्हणाला. "पण सिस्टरनी आवाज बंद केलाय. नुसता दिवा लागतो, तोही तिकडे टेबलावर, त्यावर फायली ठेवलेल्या असतात. मी विचारलं, तर म्हणाल्या, किती वेळा उठायचं, दर वेळी काही नसतंच. त्यांचंही बरोबर आहे गं." ती ऐकत होती. हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही? आधी काच ऐकत नव्हती, आता काच ऐकते आणि माणसं ऐकत नाहीत. नियम तिने मोडला होता, आणि त्याच्या जागी लगेच दुसरा उगवला होता, कुणीच न लिहिलेला. "मी कामावरून निघू शकत नाही रोज," दादा म्हणाला. "तुझी वहिनीही... तू जाशील?" त्याने तिच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. "जाते," ती म्हणाली. "पण मला त्यांच्याशी बोलायला लावू नकोस." "ते कुठे बोलतात," दादा म्हणाला, आणि दोघंही, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, फोनवर थोडं हसले. बरं वाटावं असं ते हसू नव्हतं.

ती गेली तेव्हा दुपारचं ऊन फरशीवर पलंगाच्या पायापर्यंत आलं होतं. कपाळाची पट्टी निघाली होती, खाली काळे टाके दिसत होते. तिने खुर्ची ओढली आणि पलंगापासून हातभर अंतरावर बसली, काचेच्या बाजूला. तिने पुस्तक उघडलं आणि त्यातली एक ओळ चारदा वाचली. बाबांचा हात पांघरुणावरून सरकत काचेपर्यंत गेला आणि टेकला. घंटेभोवती उजेडाचं वर्तुळ आलं, आवाज नाही. ती तिथेच बसली होती, त्यांना दिसत होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. दाराकडे बघत राहिले, सिस्टर येतील म्हणून. दारात कुणी आलं नाही. वर्तुळ विझलं. त्यांनी परत टेकवला. तिच्या मनात आलं, बघू किती वेळ. बघू तो माझ्याकडे वळतो का. वळणार नाही; जीव गेला तरी वळणार नाही, आणि मीही उठणार नाही, आणि असे आपण दोघं संध्याकाळपर्यंत बसू. वर्तुळ विझलं. बाबांचा हात काचेवरच राहिला होता, नुसता पडलेला. अंगठ्याचं वाकडं नख काचेवर बारीक टकटक करत होतं, आणि तो आवाज मात्र कुठल्याही बटणाने बंद करता येण्यासारखा नव्हता.

ती उठली. "काय हवंय?" तिने विचारलं. सिस्टर विचारतात तसं, कामाच्या सुरात. दुसरा कुठला सूर तिच्याकडे नव्हता. बाबांनी सावकाश मान वळवली आणि तिच्याकडे पूर्ण बघितलं. त्या बघण्यात माफी वगैरे काही नव्हतं. ती मागितलेली नव्हती आणि दिलेलीही नव्हती. कामाला ठेवलेल्या माणसाकडे बघावं तसं ते बघणं होतं. त्यांनी हनुवटी उशाशी ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याच्या दिशेने हलवली. तिने पेल्यात पाणी ओतलं, त्यांच्या मानेखाली हात घातला. मान अपेक्षेपेक्षा हलकी निघाली. ते प्याले, अर्धं पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. ती पुसायला गेली तशी त्यांनी डाव्या हाताने तिचं मनगट बाजूला ढकललं, ठामपणे. "बरं," ती म्हणाली, "राहू दे तसंच." पेला जागेवर ठेवून ती खुर्चीवर बसली आणि पुस्तक मांडीवर घेतलं. पान उलटायच्या आत काचेवर उजेडाचं वर्तुळ आलं. या वेळी ते दाराकडे बघत नव्हते.

"आत्ताच तर दिलं," ती म्हणाली, आणि उठली.